डोंगराचा फोटो आणि डिंकाचे लाडू

आदिलाबाद,
तुळशीच्या लग्नानंतरचा सोमवार

तीर्थरूप आत्याबाई,

भार्गवचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरंच वाकून. पाठ सरळ व्हायलाच तयार नाही, त्यामुळे या खेपेच्या नमस्कारात खोट काढता येणार नाही.) तुमचे गुडघे कसे आहेत? बीपीची गोळी वेळेवर घेऊन राह्यल्या ना? वैभवचा फोन आला होता, की आई त्या डब्यावरून रडून राह्यली, धड जेवत नाही, आणि येईल त्याला "माझ्या हातानं भार्गवचा डोंगर गेला" असं सांगून राह्यली. आत्याबाई, आधी दोन घास खाऊन घ्या, मग पुढचं वाचा. मी फोनच केला असता. पण तुमी फोन स्पीकरवर टाकून अंगणात बसता, आणि आमच्या घरातली गोष्ट तुमच्या गुडीहत्नूरच्या बसस्टँडवर चहासोबत मिळते. म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट, मी रागावलो नाही. अहो, रागावणार कसा? डोंगरावरच्या त्या दिवसाची आठवण झाली की अजून अंगावर काटा येतो! तुमाला तर माहीत आहे, आमच्या घरात त्या कॅमेऱ्यावरून काय महाभारत चालू आहे. खिशात मावतो त्यातला हा कॅमेरा नव्हे. लाकडी पेटी, तिला बाजाच्या पेटीसारखा काळा भाता, मागं काच, खाली तीन पायांचा दणकट स्टँड, आणि एका वेळी एकच फिल्म घालायची. रुपाचं म्हणणं, लग्नात मिळालेलं कपाट याच्यापेक्षा हलकं आहे. शेवटी तिनं निक्षून सांगितलं, "भिंतीवर लावण्यासारखा एक फोटो काढून दाखवा. नाही निघाला तर ही पेटी माळ्यावर, फुटक्या बंबाशेजारी, आणि पुन्हा तिचं नाव काढायचं नाही." मी म्हटलं, मंजूर! आता कॉलेजात पोरांना प्रकाशाचा धडा शिकवणाऱ्या माणसानं यात भ्यायचं काऊन?

भ्यायला पाहिजे होतं. तुमच्याकडून आमी तांबडं फुटताना निघालो, इंद्रवेल्लीच्या पुढं डोंगराच्या पायथ्याशी गाड्या लावल्या, आणि पाहतो तर ओझं उचलायला माणूस नाही. कापसाच्या वेचणीत माणूस कुठं मिळतो? सगळी गावं शेतात. मग पेटी माझ्या पाठीवर, स्टँड रुपाच्या खांद्यावर (नांगर घेऊन निघाल्यासारखी दिसत होती, पण हे मी तोंडातून काढलं नाही), आणि भिंगांची बॅग वैभवच्या एका हातात. दुसऱ्या हातात त्याचा फोन. तो सगळ्याचं शूटिंग करून राह्यला होता. पहिल्याच चढावर माझ्या पेटीचा पट्टा तुटला. वैभवच्या दुपट्ट्यानं ती पाठीला बांधली, तर लोक मला पाहून रस्ता सोडून राह्यले, की हा कोणाला घेऊन चालला.

त्यात लक्ष्मणराव नावाचे एक म्हातारबाबा शेतातून धावत आले. लाकडी पेटी आणि तीन पायांचा स्टँड पाहून त्यांना वाटलं, सरकारी जमीन मोजणीवाले आले! म्हणे, "साहेब, शेजाऱ्यानं धुरा, आमचा मधला बांध, माझ्याकडं सरकवला, अर्जावर अर्ज केले, आज तुमी मौक्यावर आले, आता मोजल्याशिवाय जाऊ देत नाही." मी मराठीत सांगितलं, हिंदीत सांगितलं, मोडक्या तेलुगूतही सांगितलं, की बाबा, हा कॅमेरा आहे. ऐकतील तर शपथ! शेवटी तिथंच पेटी उघडली, स्टँड लावला, आणि त्यांना काळ्या कापडाखाली घेऊन काच दाखवली. आता या कॅमेऱ्याच्या काचेवर सगळं उलटं दिसतं, खाली आभाळ आणि वर जमीन. म्हातारबाबा बराच वेळ आत राह्यले. बाहेर आले ते घाम पुसत. म्हणाले, "साहेब, शेजाऱ्यानं निदान बाजूला सरकवलं होतं, तुमी तर वावरच आभाळात टांगलं. तुमची मोजणी नको मला." आणि आमाला पिशवीभर सीताफळं देऊन, हात जोडून वाटेला लावलं. (ती सीताफळंही मीच वाहिली.)

पण वर पोचलो आणि आत्याबाई, काय सांगू! समोर डोंगरामागं डोंगर, डोंगरामागं डोंगर, खाली दरीत धुकं, आणि ढगाला भोक पडून उन्हाचा एकच पट्टा नेमका मधल्या सुळक्यावर! मी तर वेडाच झालो. रुपाला म्हटलं "धर", वैभवला म्हटलं "सर", कापडात शिरलो, काच पाह्यली, बाहेर आलो, फिल्म घातली, "कोणी बोलायचं नाही, कोणी हलायचं नाही!" असं ओरडलो, आणि बटणाची वायर दाबली. टिक! झालं! तो उजेड लगेच विझला, पण माझ्या पेटीत तो आला होता. मी त्या दगडावर नाचलो. या वयात, सीताफळांच्या पिशवीसकट नाचलो. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

खाली तुमच्या घरी आल्यावर मी धान्याच्या खोलीत जाऊन दार लावून बसलो, तेव्हा तुमाला वाटलं की जेवणावरून रुसला. रुसलो नव्हतो. धुण्याआधी फिल्मला उजेड लागला की फोटो जातो, म्हणून ती अंधारात काढून, काळ्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवत होतो. मग डबा तुमच्या हाती देऊन म्हटलं, "जपून ठेवा, उद्या निघताना नेतो." आता चूक असलीच तर ती या वाक्यात आहे. उघडू नका, असं मी म्हटलंच नाही. आणि आपल्या घराण्यात कोणाचा डबा रिकामा परत गेला आहे का? तुमी पाह्यलं, आत नुसता काळा कागद आणि एक चिकणा तुकडा, म्हणजे तीच फिल्म. तुमी ते दोन्ही मोकळं केलं, झटकलं, अंगणातल्या उन्हात धरलं, आणि तूप लागू नये म्हणून डब्याच्या तळाशी अंथरून वर डिंकाचे लाडू भरले. यापेक्षा जास्त जपून कोण ठेवणार होतं?

इकडं मी फिल्म धुवायला भर दुपारी न्हाणीघराच्या फटी बुजवून, मिट्ट काळोखात, देवाचं नाव घेऊन डब्यात हात घातला, तर हाताला गोल लागलं. शेजारी दुसरं गोल लागलं. मी ओरडलो, रुपा धावत आली, दिवा लावला. दोघं लाडवांकडं पाहत राह्यलो. मग एकेक खाल्ला. (डिंक छान फुलला आहे. सुंठ जरा जास्त.) तेव्हा आत्याबाई, रडू नका. डोंगर कुठं पळून गेला नाही.

मामाजींना नमस्कार, वैभवला आशीर्वाद.

तुमचा,
भार्गव

ता. क. आता खरं काम लिहितो. वैभवनं डोंगरावरचा माझा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला आहे. काल मी तो कौतुकानं पुन्हा पुन्हा पाहून राह्यलो होतो, तर एक भलतीच गोष्ट दिसली. फिल्मच्या पुढं एक काळी पट्टी असते. फोटोच्या आधी ती ओढून काढावी लागते, नाही तर फिल्मवर उजेड पडतच नाही. आत्याबाई, व्हिडिओत मी ओरडतो आहे, वायर दाबतो आहे, नाचतो आहे, आणि पट्टी जागच्या जागी आहे. म्हणजे तुमच्या डब्यात डोंगर नव्हताच. तुमच्या हातानं काहीच गेलं नाही! पण रुपाला हे कळलं तर पेटी आजच माळ्यावर. तेव्हा वैभवला तो व्हिडिओ काढून टाकायला सांगा, आणि रुपा विचारेल तर फोटो लाडवानंच गेला म्हणा. एवढं पोरासाठी कराच.

ता. क. (रुपाचा.) आत्याबाई, नमस्कार. ह्यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडंच दिलं. व्हिडिओ मी आला त्याच दिवशी पाह्यला, आणि पट्टी तर मला डोंगरावरच दिसली होती. सांगायला तोंड उघडलं, तर "बोलायचं नाही!" म्हणून माझ्यावरच ओरडले. वायर दाबल्यावर मी सांगणार होते, पण तोपर्यंत ते नाचायला लागले होते. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. एवढं खुश झालेलं आमचं माणूस मी लग्नानंतर पहिल्यांदा पाह्यलं, मग मी पट्टीचं नावच काढलं नाही. तुमी रडू नका, पोटभर जेवा. माळ्यावर काही जात नाही. या रविवारी पुन्हा जाणार आहो. पट्टी मी ओढीन. मला पट्टीचं माहीत आहे, एवढं मात्र ह्यांना कळू देऊ नका.