आतली कडी

आबा,

तुमचा उजवा खांदा आता कसा आहे? पोती वाहून वाहून तो डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आला होता. आईचा खोकला थांबला का? आणि आत्याला कवळी नीट बसली, की अजून ती पदराला बांधूनच ठेवते? वर गेल्यावर दुखणी सुटतात म्हणतात, पण पत्र लिहायचं आणि तब्येती विचारायच्या नाहीत हे माझ्या हाताला जमत नाही. आमच्याकडे सूनबाईचा रक्तदाब बरा, मुलाचा आवाज नको तितका ठणठणीत. नातीचं मात्र सांगायचं आहे, त्यासाठीच लिहायला बसलोय.

तुम्ही तिला पाहिलं नाही. दहावीला आहे. घणसोलीत गावठाणाला लागून सातव्या मजल्यावर आमचं घर. यंदा दिवाळीनंतर पोरीला काहीतरी व्हायला लागलं. शाळेची वेळ झाली की हात बर्फासारखे, श्वास वरच्या वर आणि छातीत मिक्सर फिरल्यासारखं, हा तिचाच शब्द. डॉक्टर म्हणाले, हृदय ठीक आहे, आणि मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्या बाई भल्या आहेत, पण त्या भेटतात महिन्यातून दोनदा आणि सकाळ रोज होते. रोज पोर बाथरूममध्ये जाऊन आतून कडी घालायची. बाहेर मुलगा दार बडवतोय, "अगं, एवढं कसलं टेन्शन? आम्ही काय शाळेत गेलो नाही?" सूनबाई ओढणी तोंडाशी धरून उभी. आतून फक्त नळाचा आवाज.

एका रविवारी मी पेचकस घेतला आणि ती कडी काढून टाकली. बेडरूमचीही काढली. पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यात फिटर म्हणून जन्म गेला माझा, वस्तू अडली की खोलायची एवढंच शिकलो. सगळे म्हणाले, बरं केलंत. पोर मात्र स्क्रूच्या भोकांकडे बघत राहिली.

विज्ञानाच्या तोंडी परीक्षेच्या सकाळी ती पुन्हा बाथरूममध्ये गेली. कडी नव्हती, म्हणून दाराला पाठ लावून आणि समोरच्या भिंतीला पाय रेटून बसली. मुलगा खांद्याने दार ढकलतोय, ते बोटभर उघडतंय, परत मिटतंय. आतून "पप्पा, नको ना" ऐकू येतंय. मी दाराखालच्या फटीपाशी बसलो. म्हटलं, "बाळा, आता कडी पण नाही, मग अडकलीस कशी?"

"आजोबा, कडी होती तेव्हा मी कधीपण उघडू शकत होते," ती म्हणाली. "आता मीच कडी झालेय. उठले की सगळे आत येणार."

आबा, मला मार्केटातला तो गाळा आठवला. मी सोळाचा. कांद्याची पोती छतापर्यंत, शटर अर्धं खाली, उग्र वास डोक्यात भिनतोय. तुमच्या हमालांच्या टोळीचा नियम पक्का होता. दोघांनी पोतं उचलून तिसऱ्याच्या पाठीला टेकवायचं, पण तो पाय रोवून "हां" म्हणेपर्यंत हात सोडायचे नाहीत. त्या दिवशी पाठ माझी आहे. मला शटर दिसत नाही, श्वास सापडत नाही, आणि तुम्ही माझ्या "हां"साठी न थांबता हात सोडता. मी पोत्यासकट खाली. उठलो तो सरळ पोत्यांच्या मागे जाऊन लपलो. टोळीसमोर तुम्ही म्हणालात, "ह्याच्यात वाघ नाय, ससा शिरलाय." सगळे हसले. मी म्हणालो, पोटात दुखतंय. आठवड्याने तुम्ही हाच पेचकस माझ्या हातात ठेवलात आणि कारखान्यात चिकटवलंत. मार्केटात परत कधी नेलं नाहीत आणि तो विषयही काढला नाहीत.

मी मुलाला म्हटलं, "दारावरचा हात सोड."

"बाबा, दहाला तोंडी आहे तिची."

"असू दे. ती अजून हां म्हणाली नाही."

कडी, चार स्क्रू आणि पेचकस मी फटीतून आत सरकवले. "भोकं तीच आहेत. उजवीकडे पिळायचं. तूच लाव." दोनदा स्क्रू लादीवर पडल्याचा आवाज आला. मग कडी सरकली. म्हटलं, "आता ही तुझी. पाय रोवले गेले की हां म्हण. तोवर दाराला कुणी हात लावणार नाही." मुलगा घड्याळाकडे बघत सोफ्यावर बसला. त्याला तसं गप्प बसवणं मला पोतं उचलण्यापेक्षा जड गेलं.

बऱ्याच वेळाने आतून "हां" आला, पाठोपाठ कडीचा आवाज.

आम्ही दोघं जिन्याने उतरलो. लिफ्टचा डबा तिला सोसत नाही. चौथ्या मजल्यावर म्हणाली, "आजोबा, तुम्ही पण कधीच लिफ्टने का जात नाही?" मी म्हणालो, "गुडघ्यांना व्यायाम." शाळेच्या फाटकाशी दुसऱ्या "हां"ला पहिल्याहून जास्त वेळ लागला. सगळ्यांच्या शेवटी विज्ञानाच्या बाईंनी तिला तोंडीला आत घेतलं. काय विचारलं, काय सांगितलं, मी चौकशी केली नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बाथरूममध्ये होती. काही सकाळी "हां" येतो, काही सकाळी येत नाही.

हे पत्र पेटीत टाकायचं नाहीच, पेचकसाच्या डब्यात राहील. पण आबा, त्या दिवशी माझं पोट दुखत नव्हतं. आणि माझे गुडघेही चांगले आहेत. लिफ्टचं दार मिटलं की मला अजून तो गाळा दिसतो. हे पोरीला सांगू का, एवढं विचारायचं होतं. दोन ओळी लिहा, पण लवकर लिहा. उद्या तिची गणिताची परीक्षा आहे आणि जिना आम्हाला बरोबरच उतरायचाय.