कानात सांगितलेला एक शब्द

अहो पूजाचे आजोबा,

आपल्या पूजाला बघायला सगळ्यात आधी कोण टपकलं असेल? तुमची देवळ्याची बहीण, वत्सलाबाई! हातात पिशवीभर मोसंबी, मागं दोन सुना. आजाऱ्याला बघायला गेलं की त्याला बोलतं केल्याशिवाय उठायचं नाही, ही तुमच्या घरची रीत! आज बातमी आनंदाची आहे म्हणून लिहायला बसले, पण आधी माझी चूक कबूल करते.

तुम्ही गेलात, त्यानंतर पूजाचा आवाजही गेला. मोठ्या आजारात घशात नळी घातलेली, तिचा वण स्वरतंतूंवर राहिला. ती शिकवते त्या बालवाडीतली पोरं म्हणायची, "बाई, मोठ्यानं बोला ना!" पूजा घरी येऊन रडायची, तेही बिनआवाजी.

गेल्या आठवड्यात ऑपरेशन झालं. तोंडातूनच दुर्बीण घातली, मानेवर ओरखडासुद्धा नाय! पोटाची चिमूटभर चरबी काढून वणाखाली भरली म्हणे. वत्सलाबाई म्हणाल्या, "माझी मागायची ना वहिनी, परातभर दिली असती!"

सात दिवस बोलणं बंद होतं. वत्सलाबाई आल्या चौथ्या दिवशी. "एक शब्द बोल की गं, एवढ्या लांबून आलो!" पूजानं पाटीवर लिहिलं, तर ह्यांना चष्मा सापडेना. मग मीच म्हटलं, "माझ्या कानात हळूच सांग, मी सांगते." पोर मान हलवत राहिली. मी सोडलं नाही. शेवटी कुजबुजली, "दमले."

सून आतून धावत आली. "आई! कुजबुजायचं पण नाही, डॉक्टरांनी बजावलं होतं!" मला कुठं ठाऊक? आपल्यात घसा बसला की हळू बोल असंच म्हणतात ना?

तीन दिवस घास उतरला नाही. तुमचाही घसा जाण्याआधी असाच बसलेला. मी हळद-दूध देत राहिले, तुम्ही "होईल बरा" म्हणत राहिलात. दवाखान्यात का नाही गेलात हो?

आज तपासणी होती. पडद्यावर स्वरतंतूंच्या दोन पांढऱ्या पट्ट्या. डॉक्टर बघतायत, बघतायत! मी पूजाची ओढणी मुठीत आवळलेली. मग म्हणाले, "ई म्हण."

पट्ट्या लवलवल्या! जाडाभरडा, पण आवाज! "काही बिघडलेलं नाही आजी. वेळ लागेल, पण सुधारेल." आणि पूजा माझ्याकडं वळून म्हणाली, "रडू नको ना."

वत्सलाबाई ऐकायला परत येतायत, सुनांसकट. तुम्हाला शब्द देते, त्या दिवशी तोंड मी बंद ठेवीन. पूजाला वाटलं तर बोलेल. नाहीच बोलली आणि कुणी मागं लागलं, तर त्यांचीच मोसंबी सोलून त्यांच्याच तोंडात घालीन. गुरुवारी येतो म्हणाल्यात.

तुमचीच,
जन्माची बडबडी