नोहाची न गळालेली दाढी

दिनांक : गेला मंगळवार

प्रति,
मा. चिटणीस,
ग्रामपरिषद, नेदरलो,
डर्बीशायर.

विषय : खालच्या विहिरीची फुलांची सजावट कायमची बंद करण्याच्या ठरावास हरकत.
संदर्भ : शाळेच्या फाटकावर लावलेली, एका कोपऱ्याने सुटलेली आपली नोटीस.

महोदया,

१. बुधवारी दुपारच्या पावसात खालच्या विहिरीवरील फलकावर ओल्या चिखलात पाकळ्या लावून काढलेल्या चित्रातली नोहाची दाढी गळून पडली. चित्र आठवडाभर टिकले नाही आणि नियमाप्रमाणे पुढील वर्षापासून गावात फक्त वरचीच विहीर सजेल, असा ठराव झाला. तथापि आपल्याच नियमानुसार हरकत 'चित्र शाबूत असताना' नोंदवावयाची असल्याने वरीलपैकी काहीही घडलेले नाही. आज मंगळवार आहे. ऊन पडले आहे. दाढी जागेवर आहे. पुढील मजकूर कृपया याच समजुतीने वाचावा.

२. आपण स्वतः वरच्या विहिरीच्या सजावटप्रमुख आहात, हा योगायोग मी योगायोगच मानतो. जुन्या दुष्काळात वरची विहीर आटली तेव्हा आपल्या आळीने आमच्या विहिरीचे पाणी प्यायले होते. ते अद्याप परत आलेले नाही, परंतु तो या अर्जाचा विषय नाही.

३. पहिला संशय आपले यजमान श्री. ग्रॅटन यांच्यावर होता. आम्ही कोठारात फलकासाठी मीठ घातलेला चिखल पायांनी तुडवत असता ते आधी शिडी मागायला आले, मग कुत्रा शोधायला आले. त्यांच्याकडे कुत्रा नाही. "काय रे एलिस, यंदा महापूर का? बघ हं, बुडशील!" असे म्हणून त्यांनी आमची डुकराचे मांस भरलेली पेस्ट्री खाल्ली. चिखल फळीवर चढायच्या आत ज्याला बुडण्याची आठवण होते, त्याला हवामानाची आतली बातमी असली पाहिजे, असे माझे मत झाले. चित्राचा विषय महापूर असला तरी पावसाला आमच्याकडून कोणतेही निमंत्रण गेलेले नव्हते, हेही नोंदवावे.

४. दुसरा संशय नवे पाद्री रेव्हरंड पिम यांच्यावर. त्यांनी फारच गळ घातल्यामुळे त्यांना चित्रातले कबूतर लावायला दिले होते, तेही वरच्या कोपऱ्यातले, जिथे नुकसान कमीत कमी. "पाकळ्या कौलांसारख्या लावायच्या, पाद्रीसाहेब. खालून सुरुवात करायची आणि वरची पाकळी खालचीवर चढवायची, म्हणजे पाणी ओघळून जातं," असे त्यांना बजावले होते. "स्वर्गाचं छप्परही असंच शाकारलेलं असेल," असे म्हणून ते एकटेच हसले. पावसानंतर पाहतो तर कबूतर जसेच्या तसे, उलट धुऊन निघाल्यासारखे. नवशिक्याचे काम टिकते आणि जाणत्याचे गळते, हे मला साधे वाटले नाही.

५. (हा परिच्छेद सभेत मोठ्याने वाचू नये.) न गळालेली दाढी मी ट्रेमध्ये गोळा करून घरी आणली आणि तपासली. हायड्रेंजियाच्या पांढऱ्या पाकळ्या वरून खाली लावल्या होत्या. प्रत्येक पाकळी खिशासारखी पावसाकडे तोंड उघडून बसलेली. खिसे भरले, चिखलाचा लगदा झाला आणि महापुरातून वाचलेला तो सज्जन विहिरीच्या काठावर गुळगुळीत झाला. आता आमच्या आळीत दाढी हेस्टर आत्याशिवाय कोणाकडे जात नाही. आजवरच्या चित्रांतल्या, अब्राहामापासून पेत्रापर्यंत, सगळ्या तिच्याच. 'खालून वर' हे मला शिकवले तिनेच, बोटांवर पट्टी मारून. यंदा तिने ओठापासून सुरुवात केली, असे शेजारी बसलेल्या दोघीजणी सांगतात. "तिला कोण सांगणार, तू?" असेही त्याच विचारतात.

६. त्या बुधवारी, म्हणजे उद्या, आत्या छत्री घेऊन आली. वाकून पाहिले. "कुणी लावली रे ही? वरून खाली? मेल्यानं जन्मात छप्पर पाहिलं नाही का?" विहिरीपाशी वाजवायला आलेले बँडवाले आपापल्या वाद्यांत डोकावू लागले. आपल्या यजमानांनी टोपी काढली आणि पलीकडच्या कुरणातल्या मेंढ्या पाहिल्या. तेवढ्यात पाद्रीसाहेबांनी हात वर केला. "मी लावली, मिस रॅग."

"तरीच! कबूतर बघूनच मला शंका आली होती."

"हो हो, मीही पाहिलं त्यांना लावताना," श्री. ग्रॅटन म्हणाले.

पाद्रीसाहेब दाढीच्या आसपासही फिरकले नव्हते. स्वतः आशीर्वाद दिलेल्या विहिरीवर उभे राहून पाद्री खोटे बोलतो, आणि दोन्ही आळ्यांचे एकमत होते, ही बाब मी अत्यंत संशयास्पद समजतो.

७. आपल्या नियमाप्रमाणे हरकतीत दोषी इसमाचे नाव हवे आणि ते सभेत वाचले जाते. आत्याला कमी ऐकू येत असल्याने ती पहिल्या रांगेत बसते. पाद्रीसाहेबांचे नाव खोटे म्हणून लिहिता येत नाही, दुसरे खरे म्हणून लिहिता येत नाही. "माझंच घाल रे. तशीही तुझी आत्या मला चोरच समजते," अशी श्री. ग्रॅटन यांची तोंडी सूचना आहे, ती मी आभारपूर्वक फेटाळली आहे. सबब नावाची जागा कोरी सोडली आहे. नाव नाही म्हणून हरकत बाद होईल आणि विहीर जाईल, याची मला कल्पना आहे.

८. ठराव झाल्याचे आत्याला अद्याप कोणी सांगितलेले नाही. तिने पुढच्या वर्षीचे चित्र ठरवले आहे. "मोशे घेऊ. गुडघ्यापर्यंत दाढी. आणि त्या पाद्र्याला हात लावू देऊ नकोस." दाढी तीच लावणार आणि वरून खालीच लावणार. तिला कोणी काही सांगणार नाही, हे आळीत न बोलता ठरलेले आहे.

९. तरी विनंती की, सदर ठराव रद्द करण्यात यावा, आणि पुढील वर्षापासून सजावटीच्या आठवड्यात खालच्या विहिरीच्या हद्दीत पडणारा पाऊस जमिनीपासून सुरू होऊन वर जाईल, असे आदेश संबंधित खात्यास तातडीने देण्यात यावेत.

आपला साशंक परंतु नम्र,
एलिस रॅग
खालची आळी, नेदरलो