माझ्या कामाचं एक पान

३ मार्च, सोमवार
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. तुमच्या कामाबद्दल इंग्रजीत एक पान लिहून द्या, शुक्रवारपर्यंत. कशासाठी, ते मी विचारलं नाही. समजणाऱ्याला समजतं. सेक्शन हेडची खुर्ची जानेवारीपासून रिकामी आहे.

बायकोला सांगितलं. तिने विचारलं, साहेब तसं म्हणाले का? हिला माझं चांगलं कधी बघवलंच नाही.

४ मार्च, मंगळवार
पहिल्याच वाक्याला गाडी अडली. ‘आय हँडल’ की ‘आय हँडल्ड’? भूतकाळात लिहिलं की माणूस करून-सवरून निघून गेल्यासारखा वाटतो. वर्तमानकाळात तो खुर्चीत बसलेला दिसतो. वर्तमानकाळ ठरला. आता बदल नाही.

संध्याकाळ. बदलला. कंपनीच्या पंपांबद्दल गिऱ्हाइकांच्या तक्रारी मी निस्तरल्या, त्या निस्तरून झाल्यात.

नोकरी सोडून जाणाऱ्यांची सर्टिफिकेटं इतकी वर्षं मीच लिहिली. आमच्याकडे रीतच आहे, मजकूर खालून जातो, साहेब नुसती सही करतात. तेव्हा कधी असं अडलं नाही. सगळं भूतकाळात, दहा मिनिटांत मोकळा.

५ मार्च, बुधवार, दु. ३
नोटीस फिरत आली. आमच्या सेक्शनमधल्या ज्यांना डिस्पॅचला जायचंय त्यांनी उद्यापर्यंत खाली नाव लिहावं. म्हणजे खोकी बांधायची. टायपिस्ट बाईंनी लिहिलंय, फाइलवाल्यानेही. बिचारे.

नोटिशीत तीन ठिकाणी काळ चुकलेला. लाल पेनने दुरुस्त केला, बाजूला सही ठोकली, परत पाठवली. टायपिस्ट बाई म्हणाल्या, अहो, नाव घाला, उद्या शेवटचा दिवस आहे. त्यांना म्हटलं, बाई, नोटीस टाइप करताना आधी काळ सांभाळा.

६ मार्च, गुरुवार
पान सातव्यांदा लिहिलं. मुलगी म्हणाली, बाबा, कशासाठी हवंय ते एकदा विचारा ना. तिला पाऊण तास काळ समजावले. मध्येच उठून गेली. कॉलेजात हल्ली काही शिकवत नाहीत.

निश्चय: हेड झाल्यावर सेक्शनमध्ये रोज अर्धा तास व्याकरण. सक्तीने.

७ मार्च, शुक्रवार
पान दिलं. अथपासून इतिपर्यंत वर्तमानकाळ. साहेबांनी न वाचताच टायपिस्ट बाईंकडे सरकवलं. इतका विश्वास.

१० मार्च, सोमवार
सेक्शन बंद. बाई आणि फाइलवाला सकाळीच खाली डिस्पॅचला गेले. मला पाकीट.

साहेबांना विचारलं, मला का नाही? त्यांनी माझ्या लाल पेनची नोटीस पुढे केली. म्हणाले, सही तुमचीच आहे ना? वाचूनही नाव दिलं नाहीत, आम्हाला वाटलं तुम्हाला यायचं नाही. मी म्हटलं, आता लिहितो. ते म्हणाले, जागा दोनच उरल्या होत्या, भरल्या.

पाकिटात माझंच पान, लेटरहेडवर. ‘आय’ होतं तिथे ‘ही’, आणि क्रियापदं सगळी भूतकाळात. बसस्टॉपवर बसून चारदा तपासलं. बाईंची एकही चूक सापडली नाही. मग रडू आलं. समोरच्या दुकानदाराने पाणी आणून दिलं.

रात्री जेवताना मुलीने विचारलं, बाबा, पानाचं काय झालं? म्हटलं, साहेबांनी लगेच सही केली.