येतो म्हणून गेलेली माणसं

२० नोव्हेंबर, सोमवार
मानोऱ्यात पोचले. कारंज्याहून एसटीत गादी, बादली आणि प्रज्वल अशी तीन ओझी घेऊन. तिसरं ओझं वाटेभर खिडकीशी बसून शेंगा खात होतं आणि टरफलं माझ्या ओढणीत टाकत होतं. आई गेली तेव्हा हा माझा भाऊ सातवीत होता. तेव्हापासून त्याची आईही मीच आणि बापही मीच, म्हणून धपाटे दोघांच्या वाटचे देते. गुरुवारी तो चाकणला कंपनीत रुजू व्हायला निघेल.

ज्या संस्थेचा कॉम्प्युटर दुरुस्त करायला आलेय, तिचं ऑफिस बाजारामागे, दोन खोल्यांचं. उकंडराव इथे वीस वर्षं नोंदी ठेवतात. दिवाळी झाली की तांड्यांवरची माणसं ऊसतोडीला निघतात. निघण्याआधी प्रत्येक कुटुंब इथे येऊन फोटो काढतं, माईकसमोर घरातली नावं सांगतं आणि शेवटी म्हणतं, येतो. निघताना ‘जातो’ आपल्यात कोणीच म्हणत नाही, पण इथे तो शब्द कॉम्प्युटरात जपून ठेवतात. मागे राहिलेली म्हातारी माणसं येऊन ऐकतात. मोबाईल असताना हे कशाला, असं मी विचारलं. उकंडराव म्हणाले, मोबाईलवर हालहवाल समजते पोरी, हे येगळं हाय.

वीज जाऊन-येऊन डिस्क बिघडली आहे. तीनशे बारा कुटुंबांच्या फायली तपासायच्या, खराब असतील त्या दुरुस्त करायच्या किंवा काढायच्या. आठवड्याचं काम म्हणतात. मी चार दिवसांत उडवते.

२१ नोव्हेंबर, मंगळवार
इथला नियम असा, की एखादी फाईल काढायची तर आधी त्या घरच्या माणसाला विचारायचं. कॉम्प्युटरची तपासणी दर खराब फाईलपाशी थांबते, काढू का म्हणून विचारते. मग उकंडराव रजिस्टर उघडणार, तांड्यावर निरोप धाडणार, माणूस येणार, चहा पिणार. अशानं होळी उजाडेल.

अकराला कमलीबाई आली. रोज येते म्हणे. तिचा मुलगा हेमसिंग, सून आणि दोन नाती ऊसतोडीला गेल्यात. त्यांचा आवाज लावून दिला. हेमसिंग ‘येतो’ म्हणतो तेवढ्यात धाकटी नात शिंकते, आणि म्हातारी दर वेळी तिथेच हसते. जाताना मला भाकर-ठेचा देऊन गेली. मला ती फार आवडली.

२२ नोव्हेंबर, बुधवार
उकंडराव किन्हीराजाला लग्नाला गेलेत. मी तपासणीला एकदाच सांगून टाकलं, सगळ्या प्रश्नांना उत्तर ‘हो’. आधी पूर्ण डिस्कची प्रत काढायला हवी होती, हे मला माहीत आहे. काढली नाही, कंटाळा केला.

तीन फायली गेल्या. काढण्याआधी मी त्या ऐकल्या होत्या. नावं सगळी नीट, फक्त ‘येतो’च्या जागी खरखर. बाकी डिस्क ठणठणीत. एका दिवसात काम फत्ते!

२३ नोव्हेंबर, गुरुवार
प्रज्वल दोनच्या गाडीनं गेला. निघण्याआधी त्याचंही रेकॉर्डिंग मीच हौसेनं करून घेतलं. फार गंभीर तोंड करून म्हणाला, ताई, येतो. मग त्यालाच हसू आलं.

संध्याकाळी उकंडराव आले. तीन फायली गेल्याचं ऐकून त्यांनी रजिस्टर काढलं. नावं त्यांच्याच अक्षरात आहेत, पण त्यांना त्यातलं एकही माणूस आठवेना. वय झालं, दुसरं काय.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार
उकंडराव आणि मी तांड्यावर जाऊन आलो. तिन्ही घरांना कुलूप. शेजारी म्हणाले, इथं कोणी राहतच नव्हतं. एका दारासमोर लहान मुलाची चप्पल पडली होती.

रजिस्टरात एका कुटुंबातल्या बाईच्या आईचं नाव धनीबाई आहे. तिला गाठलं. मला लेकरूच नाही, ती म्हणाली, आणि चहा ठेवला. भिंतीवर तिचा फोटो होता. फोटोत ती एकटी उभी आहे, आणि तिचा हात शेजारी हवेत आहे, खांद्याएवढ्या उंचीवर.

चहा तसाच ठेवून आम्ही निघालो.

२५ नोव्हेंबर, शनिवार
डिस्क उघडत नाही. पुन्हा तपासणी लावली. मध्ये थांबवली तर एकही फाईल उरणार नाही.

अकरा-वीसला थांबली. दोन फायली एकाच जागेवर हक्क सांगताहेत. एकच राहील, कोणती ठेवू, असं विचारते आहे. एक हेमसिंगची. दुसरी प्रज्वलची.

बिघडलेल्या डिस्कवर मीच त्याला बसवलं. हात दाखवून अवलक्षण.

पेनड्राईव्हवर दोन्ही फायलींची प्रत घेऊन पाहिली. नुसती खरखर. प्रज्वलला फोन केला. मेसच्या वरणाला नावं ठेवत होता. बोलू दिलं, बोलू दिलं. उकंडराव म्हणाले, नियम हाय पोरी, कमलीबाईले इचार.

काय विचारू? तुझी चार माणसं देतेस का, असं?

२६ नोव्हेंबर, रविवार
विचारलं नाही.

उकंडराव बाहेर गेले तेव्हा प्रज्वलची ठेवली. एक बटण. दोन मुली होत्या त्यात — मी हे केलं. मीच केलं. कोणी मला क्षमा करू नये.

प्रज्वलनं फोन उचलला. ताई म्हणाला. मी खाली बसले आणि रडले. आनंदानं, लाज वाटते लिहायला.

२७ नोव्हेंबर, सोमवार
कमलीबाई आली. अकरालाच. बाकावर बसली. कायले आली ते तिला सांगता येईना — पाय वळले म्हणाली. वहीत वाचून मी हेमसिंगचं नाव घेतलं. कोन हेमसिंग, म्हणाली.

वहीत शिंकेचं लिहिलंय. माझंच अक्षर. मला आठवत नाही कोण शिंकलं —

मग बसल्या बसल्या ती हसली. एकदाच. कशाला हसली तिलाही कळलं नाही, माझ्याकडे बघत राहिली —

पडद्यावर नवी ओळ. ठेवलेली फाईलही वाचता येत नाही — काढली —

मी विचारलं का? मला विचारलं का? बुधवारी दिलेलं ‘हो’च अजून चालू —

फोन लावला. हा नंबर — फोनमध्ये नावच नाही. कोणाला लावत होते —

कमलीबाईनं जवळ घेतलं. काहून रडून राह्यली, विचारते. वहीत पाहून म्हणाले, प्रज्वल. ती म्हणाली, तुहा कोन होय तो?

सांगते. सांगते तिला. गाडीत शेंगा खात होता, असं लिहिलंय. प्रज्वल म्हणजे माझा —