पहिली रांग मोकळी

१६ ऑगस्ट
प्रकरण लिहून संपलं एकदाचं! शेजारच्या मलायाच्या जंगलात लढाई पेटलेली असताना इंग्रजांनी सिंगापूरला निवडून आलेलं सरकार द्यायचं की थांबायचं? माझं शेवटचं वाक्य: 'थांबणं शहाणपणाचं होतं.' सर खूश. "सेमिनारला हेच वाच, पोस्टडॉकची नोकरी वर्षभर वाढेल." जीव भांड्यात पडला.

१९ ऑगस्ट
फजिती. आमच्या यिशुनच्या इमारतीखाली चिनी लोकांच्या भुतांच्या महिन्याचा गाण्यांचा कार्यक्रम. ही गर्दी, तरी पहिली रांग अख्खी रिकामी. म्हटलं, वा! मीराला घेऊन ऐटीत बसले. शेजारच्या लिम आंटी धावत आल्या. "एय, नॉट फॉर यू लाह! फॉर द डेड!" मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेक म्हणते, "आई, सो एम्बॅरसिंग लाह."

२० ऑगस्ट
आंटींकडे शिरा घेऊन गेले. हसल्या, मग सांगायला लागल्या. मी बसले ती खुर्ची त्या आपल्या भावासाठी धरतात. शाळकरी पोर. मोर्चात घोषणा दिल्या म्हणून पोलिसांनी उचललं, बोटीत घालून चीनला धाडलं. पुढे पत्ता नाही. म्हणून मेलेल्यांसाठी जाळतात तो कागद त्याच्या नावाने जाळत नाहीत. "गेला असेल तर येऊन बसेल."
साल विचारलं. माझ्या प्रकरणातलंच. साहेब लोक विचार करत होते तेव्हाचं.
"तू त्याच काळावर लिहितेस ना? काय लिहिलंस?"
"अजून चाललंय." धडधडीत खोटं.

२४ ऑगस्ट
वाक्य चूक नाही. घाई केली असती तर कदाचित आणखी पोरं गेली असती. पुरावा आहे. पण भीती वाटते. जेवणाच्या टेबलाची रिकामी खुर्ची आज आत सरकवून ठेवली, कोणी येऊन बसू नये म्हणून, वेड्यासारखी.
सरांना म्हटलं, शेवट बदलू? "भावनेत वाहू नकोस." असा राग आला! पण त्यांचंही खोटं कुठाय...

२८ ऑगस्ट
सेमिनार. आंटी आल्या, मीराने बोलावलं म्हणे. पुढे या म्हटलं तर दुसऱ्या रांगेत बसल्या. शेवटच्या पानाशी आले आणि बाजूला उभे असलेले सर पहिल्या रांगेत टेकायला लागले.
"सर, तिथे नको!" माईकवरच ओरडले. "जागा धरलीय."
सगळे बघत राहिले. सर तसेच उभे. ते शेवटचं वाक्य काही माझ्याने वाचवलं नाही. दुसरंही सुचलं नाही.
येताना एमआरटीच्या गाडीत आंटींनी हात धरला. "तू समोर होतीस. त्याच्या खुर्चीत कोणी दिसलं?"
यिशुन आलं, उतरलो. काय सांगायचं त्यांना?