पडवीतल्या हत्यारांचा विमा

रविवार, १० ऑगस्ट २००३
पडवीतली माझी हत्यारं विम्यात बसली. सकाळी उदयसिंहनं फोनवर तशी खात्री दिली. उदयसिंह म्हणजे माझा मेव्हणा, विमा एजंट. घरातल्या सामानाची जी पॉलिसी आहे तिच्यात टीव्ही, फ्रिज, कपाटाबरोबर ड्रिल, रंधा, करवत, पाने, सगळं धरलंय. अट एकच. हत्यारं घरच्या वापराची हवीत, धंद्याची नकोत. मी केलेली एकही वस्तू आजवर कुणी विकत घेतलेली नाही. अट आपोआप पूर्ण.

बायकोचं मत वेगळं. संयोगिताला पडवीत वॉशिंग मशीन हवंय. दुपारी उदयसिंह जेवायला आला तेव्हा त्याच्यासमोर तिनं शब्द घेतला. दसऱ्यापर्यंत तिचा चौरंग पुरा झाला तर पडवी कायमची माझी, नाहीतर मशीनची. मी हसलो. चौरंगाला फक्त पाय बसवायचे राहिलेत.

संकल्प: आजपासून एकही हत्यार घराबाहेर जाणार नाही.

मंगळवार, १२ ऑगस्ट
भिंतीवर एकेक हत्यार टांगून त्याच्याभोवती पिवळ्या ऑइल पेंटनं रेघ मारली. करवतीच्या जागी करवतच, हातोडीच्या जागी हातोडीच. पाटबंधारे खात्याच्या रेकॉर्ड रूममध्ये नोकरी काढली, शिस्त रक्तात आहे. चौरंगाला हात लावला नाही. रंग वाळायला हवा.

शुक्रवार, १५ ऑगस्ट
झेंडावंदन करून आलो तर दारात सयाजी. आमच्या गल्लीतल्या मंडळाचा अध्यक्ष. गणपतीच्या मांडवासाठी ड्रिल हवं. त्याला विम्याचं सगळं शांतपणे समजावलं. त्यानंही शांतपणे ऐकून घेतलं.

"विमा काढलासा न्हवं काका? मग आता भ्या कशाचं?"

ड्रिल दिलं. पण कडक मुदत घातली, परवा संध्याकाळपर्यंत. ऑफिसचा अनुभव असा, की मुदत घातली की काम झाल्यात जमा.

बुधवार, २० ऑगस्ट
विम्याची बातमी गल्लीभर झाली. वाटलं होतं, लोक कचरतील. उलट जे इतकी वर्षं मागायला लाजत होते तेही यायला लागलेत. समोरच्या धोंडुबाई हातोडी आणि पक्कड घेऊन गेल्या. मोडलं तर कंपनी देतीया की, म्हणाल्या. त्यांना दुपारपर्यंतची मुदत. कोपऱ्यावरच्या आण्णांचं दार पावसानं फुगलंय. त्यांना रंधा, शनिवारपर्यंत. वयाचा मान राखावा लागतो.

सगळ्यांना मुदती. व्यवस्था चोख.

सोमवार, २५ ऑगस्ट
चौरंगाला चारही पाय बसले. डुगडुगतो. फरशीचा दोष. एक पाय किंचित कापला.

मंगळवार, २६ ऑगस्ट
आता दुसऱ्या बाजूला डुगडुगतो. तिकडचा पाय कापला.

गुरुवार, २८ ऑगस्ट
संयोगितानं विचारलं, हा पाट कुणासाठी. लाकडालाही विश्रांती लागते. गणपती होईपर्यंत काम बंद.

गुरुवार, ४ सप्टेंबर
गौरी जेवल्या. उदयसिंह सहकुटुंब आला होता. जेवण झाल्यावर एकटाच पडवीत जाऊन आला. विम्याच्या दृष्टीनं पाहणी केली असणार, कर्तव्यदक्ष माणूस. जाताना काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. बहिणीनं पुरणपोळ्या दिल्या असाव्यात. पोळ्यांच्या मानानं पुडकं लांब वाटलं.

रविवार, १४ सप्टेंबर
चौरंग हातावेगळा करायचा म्हणून पडवी उघडली. भिंत मोकळी. नुसत्या पिवळ्या रेघा. मटकन चौरंगावर बसलो. तो डुगडुगला.

चोरी.

संयोगिता म्हणाली, आधी गल्लीत विचारून या. मी तिला तर्क सांगितला. नेलेल्या प्रत्येक वस्तूची मुदत केव्हाच संपली आहे. म्हणजे वस्तू परत आल्या. परत आल्या आणि आता नाहीत, म्हणजे चोरीला गेल्या. ती म्हणाली, "व्हय की." पटलेलं दिसलं.

चौकीत जाऊन तक्रार दिली. हवालदारांनी विचारलं, दार फोडलंय का. कडी वाकडी आहे, असं सांगितलं. ती वाकडी आहेच. मे महिन्यात मी दुरुस्त केली तेव्हापासून. पण कधीपासून, असं त्यांनी विचारलं नाही.

सोमवार, १५ सप्टेंबर
उदयसिंहला फोन केला. चोरी म्हणताच तो दोनदा हॅलो हॅलो म्हणाला. लाइन खराब असावी. मग म्हणाला, "दाजी, सगळीकडं नीट बघितलंसा का?" मी दुखावलो. क्लेमचा फॉर्म पाठवायला सांगितला.

एक चांगलं झालं. हत्यारंच नाहीत म्हटल्यावर चौरंगाची मुदत वाढवून मिळायला हरकत नाही. क्लेम आला की थेट इलेक्ट्रिक रंधा घ्यायचा. मग पडवी माझ्याकडून कोण घेतंय बघू. संयोगिताला मुदतवाढीचं बोललो. दसरा कुणासाठी पुढं जात नाही, म्हणाली.

शुक्रवार, २६ सप्टेंबर. घटस्थापना
कंपनीच्या सर्व्हेअरचा फोन. प्रसेनजीत कांबळे. पाहणीला कधी येऊ, असं विचारत होते. मी शनिवार, चार तारीख सांगितली. खंडेनवमी. मुद्दाम. त्या दिवशी घरोघरी हत्यारं पुजतात आणि माझ्याकडं पुजायला काय, तर फूटपट्टी आणि पेन्सिल. दगडालाही पाझर फुटेल.

शनिवार, ४ ऑक्टोबर. सकाळी आठ
तयारी पूर्ण. रिकाम्या भिंतीखाली चौरंग मांडला. त्यावर फूटपट्टी, पेन्सिल आणि झेंडूचं फूल. फूल एकच ठेवलंय. जास्त बरं दिसलं नसतं.

दुपारी
साहेब वेळेवर आले. तरुण, सभ्य. चपला बाहेर काढल्या. भिंतीपुढं बराच वेळ उभे राहिले. हेलावले, असं मला स्पष्ट जाणवलं. मग कडी बघितली आणि ही कधी वाकली, असं विचारलं.

मी तोंड उघडणार एवढ्यात धोंडुबाई. हातात हातोडी आणि पक्कड, दोन्ही चिंचेनं घासून लख्ख, वर हळदीकुंकू.

"दुसऱ्याचं हत्यार खंडेनवमीला घरात ठिवू न्हाई. ज्याचं त्यानं पुजावं."

नंतर या, असं मी डोळ्यांनी सुचवलं. तुमच्या डोळ्याला काय झालं, म्हणाल्या.

मागोमाग आण्णा, रंध्याला पंचानं पुसत. मग सयाजी आणि मंडळाची सगळी पोरं. ड्रिलला झेंडूचा हार. शिवाय माझ्या पान्यांचा सेट. तो कधी नेला हे मला अजूनही आठवत नाही. सयाजीनं विचारलं, पावणं कोण. संयोगितानं सांगितलं, विम्याचे साहेब, काकांच्या चोरीचं बघायला आलेत. सयाजी तापला. आपल्या गल्लीत येऊन चोरी करतोय कोण, नाव सांगा, पोरं आत्ता बघून घेतात. मी त्याला शांत केलं.

साहेबांनी एकेक हत्यार त्याच्या रेघेत टांगून बघितलं. सगळी चपखल बसली. रेघा मी फार अचूक मारल्या होत्या. शेवटी करवतीची जागा तेवढी रिकामी राहिली आणि माझ्या जिवात जीव आला. बघा साहेब, म्हटलं, करवत तरी गेलीच की नाही.

तेवढ्यात उदयसिंह आला. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं. पोळ्या नव्हत्या.

साहेबांनी पेन खिशाला लावलं. "काका, तुमच्या गल्लीत चोर फार प्रामाणिक आहेत." एवढंच. संयोगितानं त्यांना आग्रह करून दुसऱ्यांदा पोहे वाढले. इतकी खूश तिला मी बऱ्याच दिवसांत बघितलेली नाही.

संध्याकाळी
क्लेम मागे घेतला. भरलेल्या भिंतीची पूजा झाली. बघून बरं वाटलं, नाही म्हणत नाही.

मग लक्षात आलं. सगळी हत्यारं हाताशी आहेत, दसरा उद्या आहे, रात्र मोकळी आहे. पाय थोडा कापला की चौरंग पुरा. पडवी माझी. करवतीला हात घालणार तोच संयोगितानं आठवण दिली. पुजलेलं हत्यार दसऱ्याची पूजा होईपर्यंत उचलायचं नसतं. सर्व्हेअरला आजची तारीख मीच दिली होती, याचीही आठवण दिली.

हवालदार सोमवारी तक्रार मागं घेतल्याची सही घ्यायला येतील. चौकीतली एक खुर्ची मोडली आहे, तीही घेऊन येतो म्हणाले.

मशीन उद्या मुहूर्तावर येतंय. उदयसिंह टेम्पो घेऊन सकाळीच पोचणार. प्लंबर बोलवायचा नाही, नळ मी जोडणार, असं ठणकावून सांगितलंय. घरात इतके पाने असताना बाहेरचा माणूस कशाला?

पाने उद्या पूजा उठली की सयाजी घेऊन जाणार आहे. विमा हायच की, म्हणाला.